आईचं ऑपरेशन थांबवायचं की उरकून टाकायचं?

पत्र बरंच लांब आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे देते.

‘२०२० च्या मार्चमध्ये बाबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. एप्रिलची तारीख मिळाली होती, ती साथीमुळे रद्द झाली. मे महिन्यात दुसरं एक रुग्णालय तयार झालं, पण दादा म्हणाला, “तिथे कोरोनाचे पेशंट आहेत, आत्ता नको, जरा ओसरू दे.” ऑपरेशन सप्टेंबरमध्ये झालं. तोवर यकृतात पसरलं होतं. पुढच्या वर्षी बाबा गेले. आता आईच्या (वय ६६) स्तनात गाठ निघाली आहे. कर्करोगच आहे, पण लवकर सापडला असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशनला आठ दिवस असताना तिला ताप-खोकला आला आणि कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. सर्जननी तारीख तीन आठवडे पुढे नेली. दादा ऐकायला तयार नाही. म्हणतो, “बाबांच्या वेळी थांबलो ते पुरे झालं. दुसरीकडे जाऊ, टेस्टचं बोलायचंच नाही, करून टाकू.” आई म्हणते, ऑपरेशनच नको, कोरोनात ऑपरेशन झालेली माणसं परत येत नाहीत. माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशनही ठरलं आहे, ते या गडबडीत करावं का? आणि खरं सांगा, बाबांच्या वेळी दादाचं चुकलं का? – धाकटी’

टेस्टचं बोलायचं नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. बाकी सगळ्या गोष्टींवर चर्चा होऊ शकते, या एका गोष्टीवर नाही.

मी अनेक वर्षं भूल देण्याचं काम केलं, म्हणून त्या बाजूने सांगते. पूर्ण भूल दिली की खोकल्याची उबळ बंद होते, श्वास यंत्रावर चालतो आणि पाठीवर पडून राहिल्यामुळे फुप्फुसांचे खालचे भाग थोडे मिटतात. तिथे कफ साचतो. निरोगी माणूस शुद्धीवर आला, खोकला, उठून बसला, चालला की हे सगळं काही दिवसांत मोकळं होतं. पण विषाणूने आधीच सुजलेल्या फुप्फुसांना हा दुसरा भार सहजी पेलवत नाही. न्यूमोनिया होतो, प्राणवायू कमी पडतो. त्यात कोरोनात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेलीच असते. हे माहीत असलेला भूलतज्ज्ञ वेगळा विचार करतो: पूर्ण भूल टाळून तेवढाच भाग बधिर करता येईल का, गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं किती दिवस द्यायची, पहिली रात्र आईला नजरेखाली ठेवायचं का, की मुळात आज नकोच. तुम्ही सांगितलंच नाही तर यातलं काहीच होणार नाही. शिवाय शेजारच्या खाटेवर नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा केमो चालू असलेला कुणाचा तरी बाप असेल. तुमच्या बाबांसारखाच.

दादाला हे रागाने सांगू नका. तो बेजबाबदार आहे म्हणून असं बोलत नाही, घाबरलाय म्हणून बोलतोय. पण लपवायचं नाही म्हणजे नाही.

आता तीन आठवड्यांबद्दल. दादाची भीती निराधार नाही. कर्करोगाचे उपचार लांबले की काय होतं, यावर ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात नोव्हेंबर २०२० मध्ये एक मोठा आढावा आला होता. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात आढळलं. स्तनाच्या कर्करोगासाठी तो आकडा ८ च्या आसपास होता. हा आकडा ऐकून माणसं हबकतात, कारण त्यांना वाटतं शंभरातली आणखी आठ माणसं दगावणार. तसं नाही. आधी धोका शंभरात दहाचा असेल तर तो दहा पूर्णांक आठ दशांश (१०.८) होतो. कमी समजू नका, पण या आकड्यापायी आठ दिवसांपूर्वी पॉझिटिव्ह आलेल्या आईला टेबलावर चढवावं, असंही नाही.

दुसऱ्या बाजूचे आकडेही बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार शस्त्रक्रियांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांना कोरोना झालाच नव्हता, त्यांच्यात ऑपरेशननंतर महिन्याभरात मृत्यूचं प्रमाण दीड टक्का होतं. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालेल्यांत ते ४.१ टक्के, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३.९, पाचव्या-सहाव्यात ३.६, आणि सात आठवडे उलटल्यावर पुन्हा दीड. ‘कोरोनानंतर सात आठवडे थांबा’ हा नियम इथून आला आणि जगभर पसरला.

मग तुमच्या सर्जननी सात आठवडे का नाही सांगितले? माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. ते आकडे लस यायच्या आधीचे आहेत आणि त्यात तातडीची, पोट-छाती उघडून केलेली, सगळ्या प्रकारची ऑपरेशनं एकत्र आहेत. लसीकरण झालं, पुढे आलेले विषाणूचे प्रकारही पुष्कळांना तुलनेने सौम्य गेले, तसा नियमही सैल झाला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने दिलेला सल्ला साधारण असा आहे: थांबण्यासारखं ऑपरेशन संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत करू नये, आणि दोन ते सात आठवड्यांच्या मधे माणूस आणि ऑपरेशन बघून ठरवावं. आईची नवी तारीख संसर्गापासून जवळपास चार आठवड्यांवर येते, म्हणजे बरोबर या मधल्या पट्ट्यात. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये पोट किंवा छातीची पोकळी उघडत नाहीत, त्यामुळे नंतर खोल श्वास घेताना, खोकताना त्रास कमी होतो आणि फुप्फुसांच्या गुंतागुंतीही कमी होतात. एका बाजूला कर्करोग, दुसऱ्या बाजूला ताजा संसर्ग. आठ दिवस हे फार लवकर, सात आठवडे गाठीसाठी नाहक उशीर. चार हा विचार करून काढलेला मधला रस्ता दिसतो.

पण तारखेपेक्षा आईची तब्येत महत्त्वाची. सात आठवड्यांचा नियम ज्या अभ्यासातून आला, त्यातच आणखी एक गोष्ट दिसली, जी लोक विसरतात. सात आठवडे उलटूनही ज्यांचा दम, खोकला, थकवा चालूच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६ टक्के होतं. लक्षणं येऊन पूर्ण गेलेल्यांत २.४, आणि लक्षणं मुळातच नसलेल्यांत १.३. म्हणून रोज बघा: आई एक जिना न थांबता चढते का? बोलता बोलता धाप लागते का? रात्री खोकल्याने जाग येते का? तारखेच्या आठवडाभर आधी यातलं काही चालू असेल तर आपण होऊन फोन करा, टेबलावर जाईपर्यंत वाट बघू नका. आईच्या लशी कधी झाल्या, मधुमेह-रक्तदाब आहे का, हे पत्रात नाही, पण भूलतज्ज्ञ ते विचारतीलच.

सर्जनना एक प्रश्न आवर्जून विचारा. आईची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का? बायोप्सीच्या अहवालात ते लिहिलेलं असतं. तशी असेल तर ऑपरेशन होईपर्यंत हार्मोनरोधक गोळ्या सुरू करता येतात. २०२० मध्ये ऑपरेशनं थांबली तेव्हा अनेक ठिकाणी हाच आधार घेतला गेला. तीन आठवड्यांसाठी कदाचित गरजही पडणार नाही, पण तारीख पुन्हा हलली तर हा मार्ग माहीत असलेला बरा. शिवाय ‘नुसते हातावर हात ठेवून बसलोय’ ही दादाची तगमग त्याने बरीच कमी होईल.

आता आई. ‘कोरोनात ऑपरेशन झालेली माणसं परत येत नाहीत’ हे वाक्य हवेतून आलेलं नाही. २०२० च्या सुरुवातीला वुहानमधल्या डॉक्टरांनी एक छोटा अहवाल दिला होता. संसर्ग झालेला, पण लक्षणं अजून दिसायची होती, अशा ३४ रुग्णांची ठरलेली ऑपरेशनं झाली आणि त्यांतले सात दगावले. मेच्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या ११२८ रुग्णांचा अभ्यास आला. ऑपरेशनच्या सुमारास कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के महिन्याभरात गेले. निम्म्यांना फुप्फुसांचा त्रास झाला आणि बहुतेक मृत्यू त्यांच्यातलेच. बातम्यांत हा आकडा फिरला आणि घराघरांत भीती बसली. पण त्या ११२८ पैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांची ऑपरेशनं तातडीची होती आणि संसर्ग बहुतेकांचा ऑपरेशननंतर कळला. लस नव्हती, औषध काय द्यायचं हे ठरलेलं नव्हतं. आईचं उलट आहे. संसर्ग आधीच कळला आहे, त्याला उतरायला वेळ दिला आहे, ऑपरेशन ठरवून होणार आहे.

तिला हे आकडे सांगू नका, मात्र. मी तुम्हाला सांगते आहे, कारण नातेवाइकांशी वाद तुम्हाला घालायचा आहे. आईला आधी विचारा, ‘तुला नक्की कशाची भीती वाटते?’ आणि मग गप्प बसा. भुलीची असेल, स्तन जाण्याची असेल, आयसीयूत एकटं पडण्याची असेल. बाबा ज्या खोलीत गेले तशी खोली पुन्हा बघायची नसेल. प्रत्येक भीतीचं उत्तर वेगळं आहे आणि कोरोनाचं नाव कदाचित सांगायला सोपं पडतं म्हणून ती घेत असेल. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या दिवसाआधी एकदा शांतपणे भेटवा. आमच्या व्यवसायात या भेटीला दहा मिनिटं द्यायलाही कुणाला वेळ नसतो, पण मागितली की मिळते. मागा. आणि सगळं ऐकून, समजून ती ‘नको’ म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. सध्या मात्र तिचा ‘नको’ ऐकीव गोष्टींवर उभा आहे.

रुग्णालय कोरोनाच्या काळात सुरक्षित की असुरक्षित, असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग नाही. उत्तर मिळतं ते ‘आम्ही पूर्ण काळजी घेतो’. नेमकं विचारा. श्वसनाच्या साथीचे रुग्ण आणि ऑपरेशनचे रुग्ण एकाच मजल्यावर आहेत का? परिचारिका दोन्हीकडे फिरतात का? ऑपरेशननंतर आईला कुठे नेणार, आणि आयसीयू लागलाच तर तोही वेगळा आहे का? दाखल होण्याआधी टेस्ट किती तास आधी करता? हे मी उगीच सांगत नाही. २०२० मध्ये ५५ देशांतल्या नऊ हजारांहून अधिक कर्करोग शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. जिथे ऑपरेशन थिएटर, आयसीयू आणि वॉर्ड कोरोनाच्या रुग्णांपासून पूर्ण वेगळे ठेवले होते, तिथे फुप्फुसांच्या गुंतागुंती २.२ टक्के. जिथे वेगळे नव्हते तिथे ४.९. इमारत किती चकचकीत आहे, याचा यात काही संबंध नाही.

एक टीप आईच्या टेस्टबद्दल. कोरोना होऊन गेल्यावर आरटी-पीसीआर कित्येकदा काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, मेलेल्या विषाणूचे तुकडे सापडतात म्हणून. तेव्हा चौथ्या आठवड्यात कुणी पुन्हा तीच टेस्ट करून ‘अजून पॉझिटिव्ह’ म्हणत तारीख हलवू लागलं, तर लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख त्यांच्यासमोर ठेवा आणि याच आधारावर ठरवायला सांगा.

तोवर तिला खोलीत कोंडून, पलंगावर बसवून जपू नका. घरात सगळ्यांना हे फार प्रेमाचं वाटतं. पण ऑपरेशनआधी घरात वेगळं राहिलेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांचा त्रास कमी व्हायच्या ऐवजी किंचित जास्तच निघाला. हालचाल थांबते आणि अंगातली ताकद जाते, हे त्यामागचं एक कारण असावं. संसर्गाचे दिवस सरले की आईला रोज चालवा, आधी दहा मिनिटं, मग वाढवत जा. दिवसातून तीन-चारदा खोल श्वास घेऊन, थोडा रोखून सोडायचा, मग खाकरून खोकायचं. हे ऑपरेशनच्या आधी शिकलेलं असलं की नंतर दुखत असतानाही जमतं. पोटाच्या वरच्या भागातल्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने फक्त एकदा बसून हे शिकवलं, तर फुप्फुसांच्या गुंतागुंती निम्म्यावर आल्याचं एका चाचणीत दिसलं आहे. आईचं ऑपरेशन वेगळं आहे, पण याला पैसे पडत नाहीत आणि अपाय काही नाही. भेटायला येणाऱ्यांना मात्र ऑपरेशनआधीचे दहा दिवस फोनवरच गाठा. घरात कुणी खोकत असेल तर त्याने मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

नवऱ्याचा हर्निया: दुखत नसेल आणि आडवं झाल्यावर आत जात असेल, तर आईचं होऊ द्या, मग बघा. जांघेतल्या फारसा त्रास न देणाऱ्या हर्नियावर पुरुषांमध्ये नुसतं लक्ष ठेवलं तर काय होतं, याचा अमेरिकेत अभ्यास झाला होता. अचानक अडकून तातडीने न्यावं लागण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहूनही कमी होतं. फक्त गाठ आत जाईनाशी झाली, घट्ट होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर साथ असो नसो, त्याच तासाला निघायचं. अपेंडिक्स, आतड्याला पीळ, मोडलेलं हाड, अडलेलं बाळंतपण यांनाही हेच लागू. ही ऑपरेशनं साथीतही थांबत नाहीत आणि थांबवूही नयेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं, पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंत.

मे २०२० मध्ये तुमच्या दादासमोर काय होतं? वुहानचा तो अहवाल होता. ‘लॅन्सेट’चा अभ्यास यायचा होता किंवा नुकताच येत होता, आणि त्यातला आकडा त्याच्याच भीतीला दुजोरा देणारा. त्या पहिल्या लाटेच्या बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज तेव्हाच मांडला गेला होता. ते निर्णय घरात घेतलेले नव्हते. व्हेंटिलेटर, खाटा, मास्क, भूलतज्ज्ञ सगळेच कोरोनाच्या रुग्णांकडे ओढले गेले होते. ऑपरेशनं चालू ठेवणं जमू शकतं, हे दाखवणारे अनुभव नंतर हळूहळू छापून आले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मार्च-एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, कर्करोगाच्या सुमारे पाचशे ठरलेल्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत ऑपरेशननंतर एकही रुग्ण दगावला नाही. पण हे वाचायला मिळालं ते पुढे. वेगळ्या वॉर्डांचे आकडे त्याच्याही नंतर. कडक टाळेबंदीत जवळपास सातातल्या एका कर्करोग रुग्णाचं ठरलेलं ऑपरेशन झालंच नाही, आणि निर्बंध सैल होते तिथे दोनशेत एखाद्याचंच राहिलं, हे कळायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला.

तेव्हा, आज आपल्याला जे माहीत आहे त्यावरून बघितलं तर मे महिन्यात ऑपरेशन करणं बहुधा अधिक योग्य ठरलं असतं. हे मी लपवत नाही, कारण तुम्ही ‘खरं सांगा’ लिहिलं आहे. पण मेमध्ये केलं असतं तर बाबा वाचले असते, असं कुणीच म्हणू शकत नाही. सप्टेंबरमध्ये यकृतात दिसलेला आजार मार्चमध्ये न दिसण्याइतका बारीक स्वरूपात तिथे असू शकतो, आतड्याच्या कर्करोगात हे अनेकदा घडतं. आणि ज्या माहितीवर दादाने ठरवलं, तिच्यावर त्या महिन्यात अनेक सर्जनही तेच ठरवत होते. निर्णय उशिराचा ठरला, पण निष्काळजी नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दादाला दोन्ही सांगा. नुसतं ‘तुझं काही चुकलं नाही रे’ म्हणालात तर तो मानणार नाही, कारण त्याने गेली इतकी वर्षं उलटंच धरून ठेवलं आहे.

भूलतज्ज्ञांच्या भेटीला आईसोबत दादालाच पाठवा. प्रश्न त्याने कागदावर लिहून न्यावेत: नवी तारीख का, त्या दिवशी लक्षणं असली तर काय, गोळ्या सुरू करायच्या का, वॉर्ड कुठला. उत्तरं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकली की दुसरं रुग्णालय शोधायची घाई बहुतेक मावळेल. तरीही दुसरं मत घ्यायचंच असेल तर खुशाल घ्या, पण बायोप्सीचा अहवाल आणि कोरोनाच्या टेस्टचा कागद, दोन्ही एकाच फाइलमध्ये घेऊन जा.